तेहतीसवरचा म्हातारा

त्या भागातल्या निम्म्याअधिक म्हाताऱ्यांचं हसू ज्याच्या हातचं होतं, तो माणूस स्वतः मात्र हसण्याच्या बाबतीत हात आखडता घेई. कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांचे डॉक्टर तोंडात ठसा घेत आणि नाव कमावत. त्या ठशात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी बसवायची, एकेक दात त्या मेणात रोवायचा, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक दाबायचं आणि शेवटी ओल्या चाकावर घासून त्याला खऱ्या हिरडीची तुकतुकी आणायची, ही सगळी उस्तवार बस डेपोच्या मागच्या गल्लीत, एका तळमजल्यावरच्या लांबट खोलीत चालायची. खोलीत दिवसभर पांढरी धूळ उडे आणि संध्याकाळी हा गृहस्थ वरच्या मजल्यावर घरी जाई तेव्हा भुवयांपर्यंत पांढरा झालेला असे. सगळे त्याला बत्तीसराव म्हणत. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ते पक्कं केलं त्याच्या बायकोनं. फोन आला की ती सरळ सांगे, "बत्तीसराव खाली आहेत, दात लावतायत."

कामात माणूस पक्का. दातांची अगदी सरळ रांग त्यानं कधी लावली नाही. गिऱ्हाइकाचा जुना फोटो मागवायचा, भिंगातून बघायचा, आणि पूर्वी समोरचा एखादा दात जरासा तिरका असेल तर कवळीतही तो तिरकाच बसवायचा. "सरळ रांग बघितली की माणूस ओळखतो, खोटे आहेत म्हणून," असं त्याचं म्हणणं. लोक कौतुक करत. खुश होऊन तो भुवया झटके आणि थोडी धूळ खाली पडे.

दातांच्या बाबतीत इतका समंजस असलेला हा माणूस गाण्यांच्या बाबतीत मात्र भलताच कडक होता. त्याचा जीव प्रोग्रेसिव्ह रॉकवर. म्हणजे ते लांबच्या लांब, रेकॉर्डीची एकेक अख्खी बाजू व्यापणारं गाणं, ज्यात सात मात्रांचे ठेके असतात, मध्येच बासरी येते, मग चर्चमधल्यासारखा ऑर्गन घुमतो, आणि गायक गायला लागेपर्यंत ऐकणाऱ्याची कॉफी गार होते. विशीत कधीतरी त्याच्या कानावर ते पडलं आणि माणूस कामातून गेला. पगारातला मोठा वाटा रेकॉर्डींवर गेला. बायको लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्या आधी रेकॉर्डी येऊन बसल्या होत्या, आणि त्यांची जागा तिच्या कपड्यांपेक्षा मोठी होती.

पुढे तिनं त्या सगळ्या खाली धाडल्या. त्यानंही ते आनंदानं मानलं, कारण खाली त्याचं राज्य होतं. खोलीच्या टोकाला, धुळीपासून वाचावं म्हणून काचेचा आडोसा करून, त्यानं एक मांडणी ठोकली. मांडणीत दोन उभ्या फळ्या घालून तीन कप्पे केले. डावीकडे 'प्रोग्रेसिव्ह'. उजवीकडे 'लोकप्रिय'. मधल्या अरुंद कप्प्याला नाव होतं 'जवळपास'. या मधल्या कप्प्यात पडलेल्या रेकॉर्डीची अवस्था निकाल न लागलेल्या परीक्षार्थीसारखी असे.

रविवारी सकाळी तिथे बैठक भरायची. बैठकीला माणसं तीन. एक बत्तीसराव. दुसरा डेपोतला बस ड्रायव्हर, शाळेपासूनचा मित्र, आडवं हाड आणि त्याहून आडवी जीभ. तिसरी सार्वजनिक वाचनालयातली ग्रंथपालबाई, वयानं या दोघांहून बरीच लहान. ती एकदा आपल्या वडिलांची कवळी न्यायला आली, आत वाजत असलेली बाजू संपेपर्यंत उभी राहिली, आणि तेव्हापासून बैठकीतलीच झाली. बैठकीचा नियम एकच, पण पोलादी. रेकॉर्ड एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात न्यायची असेल तर तिच्या दोन्ही बाजू तोंडातून शब्द न काढता ऐकायच्या आणि मग तिघांचं एकमत व्हायला हवं. एकमत झालं नाही तर रेकॉर्ड जिथल्या तिथे. आणि एकमत, सांगायला नकोच, क्वचितच व्हायचं.

सगळ्यात जुना तंटा कंदीलवाल्यांचा. बैठकीत बँडची नावं कोणी घेत नसे, कव्हरवर जे चित्र असेल त्यावरून ओळखायचं. तर या कंदीलवाल्यांनी पहिल्या चार रेकॉर्डींत अशी काही लांबलचक, अवघड गाणी केली की बत्तीसरावानं त्यांना डोक्यावर घेतलं. पाचवीत त्यांनी एक छोटंसं, गुणगुणता येईल असं गाणं केलं आणि ते जगभर वाजलं. बत्तीसरावानं पाचवी रेकॉर्ड ज्या दिवशी घरी आणली त्याच दिवशी उजवीकडच्या कप्प्यात टाकली.

"अरे, माणसं तीच, वाद्यं तीच, गळा तोच!" ड्रायव्हर दर दोन-तीन महिन्यांनी उसळायचा. "लोकांना आवडलं एवढाच काय तो गुन्हा? माझ्या बसमध्ये ते गाणं लागलं की मागच्या बाकापर्यंत सगळे पाय हलवायचे. ते बघून गाडी चालवायला मजा यायची मला."

"पाय हलणं ही कसोटी नव्हे."

"मग कसोटी काय? झोप येणं?"

"काका, कप्पे आपण केलेत," ग्रंथपालबाई मध्ये पडायची. "त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत होतं आपण कुठल्या कप्प्यासाठी गातोय ते?"

"कप्पे नसतील तर वाचनालयात पुस्तक सापडेल का तुम्हाला?" बत्तीसराव विचारी.

असं चाले. वरून बायको बिस्किटांची बशी पाठवी आणि सोबत निरोप, "कोण जिंकलं ते कळवा, म्हणजे मला कपडे धुवायला घेता येतील." ती बैठकीला कधी बसली नाही. तिच्याकडे पेटीसारखा मिटणारा एक लहानसा प्लेअर होता, माहेराहून आणलेला, आणि छोट्या रेकॉर्डींचा गठ्ठा. एका बाजूला एकच गाणं. बत्तीसरावाच्या लेखी तो संगीताचा सुटा किराणा होता. खालच्या त्याच्या मोठ्या प्लेअरवर वेग बदलायचा एक खटका होता. मोठी रेकॉर्ड तेहतीसच्या वेगानं फिरते, छोटी पंचेचाळीसच्या. आपल्या खोलीत छोटी रेकॉर्ड वाजणार नाही याची कायमची तजवीज म्हणून त्यानं एक दिवस खटका तेहतीसवर ठेवला आणि त्यावर हिरडीच्या गुलाबी प्लास्टिकचा एक थेंब सोडला. थेंब वाळून दगडासारखा झाला. कौतुकानं त्यानं तो पॉलिशही केला.

आता त्या रेकॉर्डीबद्दल सांगायला हवं.

तिला कव्हर होतं कोरं पांढरं. मधल्या गोल कागदावर ना नाव, ना साल, ना कंपनी. एका बंद पडलेल्या दुकानातला माल फुटपाथवर विकायला मांडला होता, त्यातून त्यानं ती तरुणपणी उचलली. मोठी रेकॉर्ड, एका बाजूला सलग एकच गाणं, दुसरी बाजू कोरी. खालून कसलीशी तंतुवाद्यं जड पावलांनी चालत येत. ठेका सातचा. आणि त्यावर एक पुरुषी आवाज, खोल, थकलेला, शब्द एकही नाही, नुसते आकार आणि ओकार. बैठकीत त्याला म्हातारा म्हणत. बत्तीसरावाचा सिद्धांत असा की प्रोग्रेसिव्ह रॉकचं मूळ हेच. पुढे जे जे मोठे झाले, कंदीलवाल्यांसकट, त्या सगळ्यांनी कुठेतरी हा म्हातारा ऐकलेला असणार. सात मात्रा, लांबी, ते गांभीर्य, सगळं इथूनच गेलं. मांडणीच्या डाव्या कप्प्यात अगदी पहिली जागा तिची होती.

"ऐकलेला असणार म्हणजे?" ड्रायव्हर डोळे बारीक करी. "ही रेकॉर्ड जगात तुझ्याशिवाय कोणाकडे नाही. जे कोणी ऐकलंच नाही त्याची छाप कोणावर पडणार? आपल्या तिघांवर?"

"मोठ्या गोष्टी आधी थोड्यांनाच कळतात."

"म्हातारा कण्हतोय, एवढंच मला कळतं. त्याला कोणीतरी डॉक्टरकडे न्या."

हे झालं बैठकीतलं. बैठकीबाहेरची एक गोष्ट मात्र दोघांनी कधी उच्चारली नाही. ड्रायव्हरची बायको गेली त्या वर्षी तो कितीतरी दिवस भर दुपारी ड्यूटी संपवून गणवेशातच खाली येऊन बसायचा. बोलायचा नाही. बत्तीसरावही बोलायचा नाही. हातातली कवळी ठेवून तो उठायचा, म्हातारा लावायचा आणि परत कामाला बसायचा. बाजू संपली की ड्रायव्हर टोपी उचलून निघून जायचा. पुढच्या रविवारी त्याची जीभ पुन्हा पहिल्यासारखी चालू.

बत्तीसरावाचंही त्या म्हाताऱ्याशी नातं होतं. त्याचे वडील हयातभर गप्प राहिलेले गृहस्थ. ते गेल्यावर त्याला वाटे, ते कधी गायले असते तर असेच गायले असते. हे तो कोणाला सांगत नसे, पण त्याचं त्या आवाजावर प्रेम होतं, साधं आणि सरळ.

तर एक दिवस ग्रंथपालबाईनं बैठकीत जाहीर केलं, वाचनालयाच्या सभागृहात आपण शनिवारी दुपारी एक कार्यक्रम करायचा. बत्तीसकाकांनी म्हातारा ऐकवायचा आणि त्याच्यापासून सगळं कसं सुरू झालं ते बोलायचं. तिनं परवानगी काढून फळ्यावर सूचनाही लावून टाकली होती. बत्तीसराव "छे, छे" म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी इस्त्रीवाल्याकडे कोट टाकून आला. आयुष्यभर त्याचं काम लोकांच्या तोंडात लपलेलं. चार लोकांसमोर उभं राहून 'माझा कान खरा आहे' असं म्हणायची संधी त्याला कधी मिळाली नव्हती. आत कुठेतरी ती हवी होती, हे त्यालाही तेव्हाच कळलं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात घाई होती. तीन कवळ्यांचं घासणं एकदम आलं, खोलीत धुळीचे लोट उठले. म्हाताऱ्याला काही होऊ नये म्हणून त्यानं रेकॉर्ड वर नेली, बायकोला म्हणाला, "कपाटात ठेव, हात लावू नकोस," आणि खाली आला.

हात लावू नकोस म्हटल्यावर कोण थांबतं? तीसेक वर्षं ती बाई जमिनीतून येणारं ते कण्हणं ऐकत आली होती. एवढं काय आहे त्यात, जवळून बघू तरी, म्हणून तिनं आपला पेटीवाला प्लेअर उघडला. मोठी रेकॉर्ड त्याच्यावर कडेनं बाहेर आली, पण फिरली. वेगाचा खटका नेहमीप्रमाणे पंचेचाळीसवर. तिच्याकडे तो दुसरीकडे कधी गेलाच नव्हता.

खाली बत्तीसराव ओल्या चाकावर एका निवृत्त मुख्याध्यापकांची वरची कवळी धरून बसला होता. वरून गाणं ऐकू यायला लागलं. बायकोची गाणी त्याच्या कानांना जन्माची सवय, तो लक्ष देत नसे. पण आज थोड्या वेळानं त्याला जाणवलं की त्याचा पाय हलतोय. कवळीही चाकावर त्याच तालात पुढे-मागे जात होती. रेकॉर्डवरची कोणी बाई गात होती, लख्ख, हसऱ्या गळ्यानं, आणि खाली तारांचा असा काही घोळका चालला होता की माणसाला उठून उभं राहावंसं वाटावं. त्यानं नकळत मात्रा मोजल्या. सात. त्यानं पुन्हा मोजल्या. सातच.

चाक बंद करून तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. बायको खोलीच्या मध्यभागी होती, ओला टॉवेल खांद्यावर, आणि चक्क नाचत होती.

"काय लावलंयस हे? कुठलं गं?" त्यानं विचारलं. रागावून विचारायचं होतं, पण आवाजात राग उतरलाच नाही. "चांगलंय की."

"अहो, हे शिवणाच्या कार्यक्रमाचं!" तिचा चेहरा फुलला होता. "लहानपणी दुपारी रेडिओवर लागायचा ना, शिवणकाम शिकवायचे? त्याच्या सुरुवातीला हेच वाजायचं. आई हे लागलं की मशीनच्या पायट्यावर पाय ठेवायची आणि याच तालावर ते चालवायची. आमच्या अख्ख्या चाळीत दुपारी हेच. मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. तुमच्याकडे कसं आलं?"

तेव्हा त्यानं प्लेअरकडे पाहिलं. मग टेबलावरच्या कोऱ्या पांढऱ्या कव्हराकडे. मग खटक्याकडे.

तो खुर्चीत बसला. इस्त्रीचा कोट पाठीवर लटकत होता, त्याच्यावर पाठ टेकून बसला. बायकोला आधी कळेना. कळलं तेव्हा ती हसली नाही, आणि त्याबद्दल तो तिचा जन्मभर ऋणी राहिला. तिनं गाणं संपू दिलं.

"म्हणजे वेग कमी केला की बाईचा पुरुष होतो?" तिनं विचारलं.

"होतो."

"आणि तुम्हाला कधी शंका आली नाही?"

"मोठ्या रेकॉर्डी तेहतीसच्याच असतात गं. हजारात एखादी नसते. आणि खटका..." खटक्यावरचा गुलाबी थेंब त्यानंच ओतला होता आणि त्यानंच पॉलिश केला होता.

त्या रात्री त्याला लाज वाटली, ती वाटणारच होती. सगळ्यांच्या देखत ज्याच्या त्याच्या कानाला दोष देणारा हा माणूस, याच्याच कानानं दगा दिला होता. ड्रायव्हर आता दात काढणार, मरेपर्यंत काढणार. पण लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त खोल दुखत होतं. म्हातारा नव्हता. कधीच नव्हता. इतकी वर्षं ज्याच्याशी मनातल्या मनात बोललो तो माणूस जन्मालाच आलेला नाही, आणि त्याच्यासाठी रडताही येत नाही, कारण ते सांगायचं कोणाला?

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं की सांगायचं नाही. शनिवारी आपला प्लेअर न्यायचा, खटका तेहतीसवर घट्ट आहेच, म्हातारा ऐकवायचा, बोलायचं ते बोलायचं आणि घरी यायचं. बायकोला त्यानं जेवताना तसं सुचवून पाहिलं.

"तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू," ती म्हणाली. "कान तुमचा, रेकॉर्ड तुमची. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, एवढंच."

"तू कधी बैठकीला आली नाहीस, आणि आता पहिल्या रांगेत?"

"कधी बोलावलं होतंत?"

तीन कप्पे करताना त्यानं बायकोच्या सगळ्या गाण्यांसकट बायकोलाही उजवीकडे टाकून दिलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

शनिवारी सभागृहात अपेक्षेपेक्षा जास्त माणसं जमली. प्रोग्रेसिव्ह रॉकसाठी आलेली मोजकीच. बाकीची बत्तीसरावासाठी. पाहावं तिकडे त्याच्या हातचे दात बसले होते. कोणाचा तिरका, कोणाचा किंचित पिवळसर, सगळे आपापल्या जागी. ग्रंथपालबाईनं दोन शब्द सांगितले. ड्रायव्हर भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा, चेहऱ्यावर त्याचं ते ठेवणीतलं हसू. बायको पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर.

बत्तीसरावानं म्हातारा लावला. सभागृहात तो आवाज खोलीतल्यापेक्षाही मोठा झाला. लोक आदरानं गप्प बसले, दोघातिघांनी डोळे मिटले, एकाची मान कलंडली. बत्तीसराव मात्र समोर पाहत होता. बायको ऐकत होती, अगदी मन लावून, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलाही तगादा नव्हता. तगादा असता तर कदाचित तो गप्प राहिला असता.

बाजू संपली. तो उठला आणि बोलायला तोंड उघडलं. आठवडाभर घोकलेलं पहिलं वाक्य होतं, 'सगळ्याचं मूळ इथे आहे.' ते आलं नाही.

"हे तुम्ही जे ऐकलंत," तो म्हणाला, "ते मी कायम चुकीच्या वेगानं वाजवत आलो. मला ते या मंगळवारी कळलं. माझ्या बायकोमुळे."

कोटाच्या खिशातून त्यानं घासणीचं लहान पातं काढलं. ते त्यानं सकाळी खिशात टाकलं होतं, का ते स्वतःला न विचारता. थेंब आपल्या हातचा, सहजासहजी निघेना. सगळं सभागृह तो करकर आवाज ऐकत होतं. शेवटी थेंब उडाला आणि कुठेतरी खुर्च्यांखाली गेला. त्यानं खटका पंचेचाळीसवर नेला आणि सुई ठेवली.

पहिल्या काही सुरांतच तिसऱ्या रांगेतून एक आरोळी आली, "अगं बाई!" मग दुसरीकडून. बघता बघता पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या बायका एकमेकींकडे वळल्या. "शिवणाचं! दुपारचं शिवणाचं!" कोणीतरी टाळी धरली, आणि ती टाळी बरोबर सातावर पडत होती, न मोजता, न चुकता, कारण या बायकांच्या पायांनी ती मशीनच्या पायट्यावर शिकली होती. एक ऐंशीच्या घरातली आजी, जिची खालची कवळी त्यानं तीनदा बदलून दिली होती, उठून उभी राहिली आणि त्या गाणाऱ्या बाईच्या आवाजात आवाज मिसळून गायला लागली. कवळी जागची हलली नाही. तेवढ्या गडबडीतही त्याचं तिकडे लक्ष गेलं.

"काका," ग्रंथपालबाई त्याच्या कानाशी ओरडली, "सात मात्रांचं, एका अख्ख्या बाजूचं गाणं, आणि घराघरात वाजलेलं! कुठल्या कप्प्यात घालायचं हो आता?"

त्याला हसू आलं. मनापासून, भुवयांसकट. इतकी वर्षं छाप कोणावर पडली यावर डोकी फोडली, आणि छाप इथे बसली होती, झब्ब्यांच्या शिवणींत आणि पडद्यांच्या दुमडींत. आपण हरलो हे त्याला दिसत होतं आणि त्याचं त्याला बरंच वाटत होतं. बायकोनं उठून हात पुढे केला. तो नाचला नाही, तेवढं धाडस अंगात नव्हतं, पण तिचा हात धरून उभा राहिला आणि पाय हलू दिला.

गाणं दोनदा लावावं लागलं. मग लोक घोळक्याघोळक्यानं बोलत, टाळीचा ताल धरतच बाहेर पडले. बायको आणि ग्रंथपालबाई खुर्च्या आवरायला लागल्या. ड्रायव्हर अजून भिंतीपाशीच होता. बत्तीसराव मनाची तयारी करून त्याच्याकडे वळला. आता सुरू होणार. लोकप्रिय म्हणजे काय, पाय हलणं ही कसोटी नव्हे, एकेक वाक्य व्याजासकट परत येणार.

ड्रायव्हर जवळ आला. त्याचं ते ठेवणीतलं हसू चेहऱ्यावर नव्हतं. तो प्लेअरपाशी उभा राहिला, खटक्याकडे बघत. थेंब होता तिथे आता नुसता गुलाबी ओरखडा होता.

"खाली घेता येतो का हा परत?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"लाव ना म्हातारा."

"अरे, असा कोणी म्हातारा नाहीच," बत्तीसराव हळूच म्हणाला. "ती बाई आहे. शिवणाच्या कार्यक्रमातली."

"माहितीये," ड्रायव्हर म्हणाला, आणि एक खुर्ची ओढून बसला. "लाव."

बत्तीसरावानं खटका तेहतीसवर आणला. खुर्च्यांचा खडखडाट थांबला, बायको येऊन त्याच्या शेजारी बसली, आणि चौघांनी शेवटपर्यंत म्हातारा ऐकला.